वाघिणींच्या वरचे बाजूस

मीटरगेजचा एक फायदा आहे. एकास शंभर हे प्रमाण धरलं की दोन रुळांमधलं अंतर बरोबर एक सेंटिमीटर येतं. तळसर स्टेशनचं यार्ड मी याच प्रमाणात केलं, सांगलीत आमच्या भाड्याच्या खोलीत, एका जुन्या दाराच्या फळीवर. फळी एकशे ऐंशी सेंटिमीटर लांब होती. म्हणजे यार्डाचा एकशे ऐंशी मीटरांचा तुकडा तिच्यावर मावत होता आणि मला तेवढाच हवा होता: सायडिंगच्या सांध्यापासून मालाच्या गुदामापर्यंत.

सांधा म्हणजे जिथे एका रुळवाटेच्या दोन होतात ती जागा. माझे वडील आकाराम तळसरला सांधेवाले होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

शहात्तर सालच्या मार्चमध्ये कोरेगावहून लग्नाची पत्रिका आली. चांदसाहेबांच्या मुलीचं, परवीनचं लग्न, सोळा मे. छापील मजकुराखाली पेनाने वाकडंतिकडं लिहिलं होतं, 'आक्या, आता तरी ये.' आबांनी पत्रिका दोनदा वाचली आणि कोनाड्यात ठेवून दिली.

"ह्या वक्ताला तरी जावा," आई म्हणाली. "त्येच्या थोरल्याच्या लग्नाला न्हाई गेला, त्येची आई वारली तवा न्हाई गेला. त्यो मानूस दर बारीला चिठ्ठी धाडतोय."

"कोंच्या तोंडानं जाऊ?"

"आवं, हाय त्याच तोंडानं जावा. दुसरं कुठनं आननार?"

आबा हसले नाहीत. ड्यूटीचा डबा घेऊन बाहेर पडले.

गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती, पण तुकड्यातुकड्यांनी. ती अशी. अठ्ठावन्नच्या नोव्हेंबरात आबा रेल्वेत लागले. त्याआधी ते शेतात राबत होते. तळसरला चांदसाहेब शंटिंगचं, म्हणजे इंजिनाने हळूहळू ढकललेले डबे जोडायचं-सोडवायचं काम करत, आबांपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे. त्यांनी आबांना काम शिकवलं, पहिला महिनाभर स्वतःच्या खोलीत जेवू घातलं. एकोणसाठच्या जानेवारीत एका सकाळी सायडिंगला गुळाच्या दोन वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, जोडायचे होते. चांदसाहेब दोन वाघिणींच्या मध्ये वाकून हूक लावत होते. ते बाहेर आले की आबांनी सांध्यावरून ड्रायव्हरला हिरवी झेंडी दाखवायची, असा नेम. आबांना मध्ये कोणी दिसलं नाही, त्यांनी झेंडी दाखवली. इंजिनाने ढकललं. चांदसाहेबांचा डावा पाय घोट्याच्या वरून तुटला.

त्यानंतर आबा चांदसाहेबांसमोर कधी उभे राहिले नाहीत.

"आबा," मी त्या संध्याकाळी विचारलं, "चाचा तुम्हाला दिसत नव्हते, की दिसण्यासारखे होते आणि तुमचं लक्ष गेलं नाही?"

प्रश्न विचारल्यावर मला वाटलं, हा विचारायला नको होता. आबा मात्र शांतपणे म्हणाले, "सतरा वर्सं त्येच तर इचारतोय मी मला."

मी आदल्याच वर्षी पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झाले होते आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले होते. एका जागेवरून दुसऱ्या जागी उभा असलेला माणूस दिसेल की नाही, हा प्रश्न मला सुटण्यासारखा वाटला. प्रकाश सरळ रेषेत जातो. मध्ये काही आलं तर अडतो. एवढंच शोधायचं होतं.

एका रविवारी मी आबांना घेऊन तळसरला गेले. ब्रॉडगेज आल्यावर लाईन बाजूने गेली आणि जुनं स्टेशन बंद पडलं. रूळ उचलून नेले होते. गुदामाचा चौथरा शिल्लक होता, सांधा बदलायच्या खटक्याखालचा सिमेंटचा ठोकळा होता आणि सायडिंगच्या खडीची एक वळणदार पट्टी शेताच्या कडेने दिसत होती. मधल्या जागेत कुणीतरी ऊस लावला होता, पुरुषभर उंचीचा. आबा ठोकळ्यापाशी उभे राहिले आणि गुदामाच्या दिशेने बघू लागले. समोर नुसती पाती.

"हितनं काय दिसनार आता," ते म्हणाले.

म्हणून फळी. मी टेपने अंतरं घेतली, उसाच्या सऱ्यांतून वाकून जात. आबा टेपचं दुसरं टोक धरून उभे राहात आणि मी ओरडेपर्यंत हलत नसत. ठोकळ्यापासून वाघिणी उभ्या राहायच्या त्या जागेपर्यंत सत्तावन्न मीटर आले. सायडिंग उगवतीकडे वळून मग पुन्हा उत्तरेला गेलं होतं, त्यामुळे सांध्यावरून वाघिणींची मावळतीकडची अख्खी कूस आणि दोन वाघिणींमधली फट दिसायला हवी होती.

घरी आल्यावर कामाला लागले. रुळांना तांब्याची तार. रुळांखालच्या आडव्या स्लीपरांना काड्यापेटीच्या काड्या, एका काडीचे दोन. खडीला कृष्णेची वाळू, चहाच्या गाळणीतून चाळलेली. वाघिणी पत्र्याच्या, दौतीतल्या शाईने रंगवलेल्या, कारण तपकिरी रंग मिळाला नाही. झाडांना तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या.

"बी. एस्सी. करून काड्याच तोडायच्या हुत्या व्हय?" आई म्हणायची. "आनि गुल फेकू नगंस, चुलीला लागत्यात." काडी तोडली की गुलाचं टोक तिच्या वाटीत टाकायचं, असा करार झाला.

पहिले चार दिवस आबा फळीकडे बघत नव्हते. पाचव्या दिवशी ड्यूटीवरून आले, कपडे न बदलता खाली बसले आणि म्हणाले, "खटका उलटा बशिवलाईस." मग रोज बसू लागले. केसांच्या आकड्याचा सांधा त्यांनीच केला. तो खरोखर सरकायचा. नखाने दाबलं की तार एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाई. गुदामाच्या दाराला वरचा कोयंडा मोडका होता, तोसुद्धा त्यांनी मोडका करून घेतला. चांदसाहेबांच्या खोलीपुढे एक दगड होता, त्यावर दोघं बसून विड्या ओढायचे. आबांनी अंगणातून खडा निवडून आणला, दोनदा बदलला.

"येवढा मोठा न्हवता. दोगं बसलो की एकाचं ढुंगान भाईर."

इतकं हलकं बोलताना मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं होतं. काम संपू नये असं मला वाटायला लागलं होतं, पण पत्रिकेवर तारीख होती.

एकच वस्तू राहिली. त्या आठवड्यात रूळ दुरुस्तीसाठी लाकडी स्लीपर येऊन पडले होते आणि यार्डात त्यांची छातीएवढी थप्पी रचलेली होती. ती कुठे होती यावर सगळं होतं.

"मला इचारू नगंस," आबा म्हणाले. "मला ती आता दोनी अंगांना दिसती. रोज जागा बदलती. कवा आड येती, कवा न्हाई. माझ्या मनासारखी हलती ती, म्हून तिच्यावर भरवसा न्हाई."

मग त्यांनीच ट्रंक उघडली. तळाशी चौकशीच्या वेळच्या त्यांच्या जबाबाची नक्कल होती. कुणा कारकुनाने सुबक अक्षरात लिहून घेतलेला, खाली आबांची सही, तेव्हाची, एकेक अक्षर सुटं. चौकशी तळसरला झाली नव्हती, लांबच्या कचेरीत कागदावर झाली होती. मी वाचलं: 'वाघिणींचे वरचे बाजूस स्लीपरांची थप्पी होती. मला इसम दिसला नाही.' पुढे शेरा होता की सदर थप्पीमुळे दृष्टीस अडथळा होण्याचा संभव नाही.

"वर म्हंजे अप," आबा म्हणाले. "अप म्हंजे पुण्याकडं. वाघिणींच्या पलीकडं."

पुण्याकडची बाजू म्हणजे उत्तर. मी काड्यांची थप्पी रचून वाघिणींच्या उत्तरेला, गुदामाच्या पुढे चिकटवली. प्रयोगशाळेत प्रकाशाचा मार्ग काढायला आम्ही टाचण्या वापरतो. इथेही टाचण्याच लावल्या. एक सांध्यापाशी, आबांच्या डोळ्यांच्या उंचीएवढी, एकशे साठ सेंटिमीटरचे एक पूर्णांक सहा दशांश. दुसरी वाघिणींच्या फटीत, वाकलेल्या माणसाएवढी, एक सेंटिमीटर. तिच्या डोक्याला लाल दोरा गुंडाळला.

आबांनी फळीवर गाल टेकला, एक डोळा मिटला.

"दिसतोय," ते म्हणाले.

मीही पाहिलं. लाल दोरा स्वच्छ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना आबा आईला म्हणाले, "मी जातो परवीनच्या लग्नाला."

आईने भाकरी थापायची थांबवली. "आनि ह्ये कसं काय सुचलं?"

"आजवर काय बोलायचं त्येच ठरत न्हवतं. दिसत न्हवतास म्हनावं, तर ते खोटं निघालं मंजी? आता ठरलं. दिसत हुतास, म्या बघितलं न्हाई. येवढं सांगून येतो."

त्यांनी कोरेगावची तीन तिकिटं काढायचं ठरवलं. पण त्या दिवसापासून फळीपाशी बसले नाहीत. ड्यूटीवरून आले की अंगणात पाठमोरे बसायचे. चांदसाहेबांच्या खोलीपुढचा खडा सुटला होता, तो मी सांगूनही त्यांनी चिकटवला नाही. मी अंतर, उंची, कोन सगळं पुन्हा तपासलं. चूक सापडली नाही. उत्तर बरोबर होतं आणि माझ्या उत्तराने माणूस खाली बसला होता.

चौदा तारखेला आई कुरडया घालत होती. पसरलेल्या साडीवर कुरडयांच्या ओळी, शेजारी बाज, तिच्यावर उरलेल्या. ऊन सरकून सावली आली तसं ती म्हणाली, "हौसे, बाज जरा वरल्या अंगाला वढ."

मी बाज उत्तरेच्या भिंतीकडे ओढली.

"तिकडं कुटं न्हेतीस? वरल्या अंगाला म्हनलं न्हवं? बी. एस्सी. झालीस आनि वरलं-खाललं कळंना?"

"वर म्हणजे कुठे, आई?"

"आता गं बाई. वर म्हंजे मावळतीकडं. डोंगर कुटल्या अंगाला हाय? तिकडं वर. पानी जिकडं जातं तिकडं खाली." तिने हाताने दाखवलं, हाताला चीक लागलेला.

मी बाज तशीच धरून उभी राहिले. विट्याकडच्या तिच्या माहेरी वरलं वावर, खाललं वावर असं सगळेच म्हणतात, हे मला माहीत होतं. वरलं वावर मावळतीला आहे, हेही. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, फक्त कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

"आबा नोकरीला लागले तेव्हा असंच बोलायचे?"

"मंग काय विंग्रजी बोलायचं? टेसनमास्तर हसायचा त्यास्नी. वर म्हनलं की ह्ये आपलं मावळतीला बघायचं आनि गाडी यायची मिरजंकडनं. अप-डाऊन डोसक्यात शिरायला त्यास्नी वरीस गेलं."

जबाब एकोणसाठच्या जानेवारीतला होता. तेव्हा आबांच्या नोकरीला अडीच महिने झाले होते.

मी आत जाऊन चाकूने थप्पी खरवडून काढली आणि वाघिणींच्या मावळतीला, सांध्याच्या बाजूला, ठेवली. चिकटवली नाही. मग गाल टेकून पाहिलं. वाघिणींचा वरचा अर्धा भाग दिसत होता, दोन्ही वाघिणींमधली उजेडाची उभी फटसुद्धा वरून दिसत होती, मोकळी. लाल दोरा दिसत नव्हता. मी थप्पी अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे सरकवून पाहिली. नाही दिसला.

आबा आले तेव्हा मी त्यांना आधी फळीपाशी बसवलं. त्यांनी पाहिलं, डोकं उचललं, परत पाहिलं. मी त्यांना आईचं बोलणं सांगितलं आणि जबाबाचा कागद पुढे ठेवला. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वरल्या अंगाला म्हनलो असनार मी," ते हळू म्हणाले. "वरचे बाजूस त्येनं लिवलं. आनि सतरा वर्सांनी मी वाचलं, त्ये रेल्वेवाल्यागत वाचलं. माझंच बोलनं मला कळलं न्हाई गं."

"म्हणजे चाचा दिसत नव्हते."

"न्हवते दिसत."

मला वाटलं ते आता मोकळे होतील. ते थप्पी बोटाने उचलून बाजूला घेत, परत ठेवत राहिले.

"पर हौसा, दिसत नसंल तर झेंडी दावायची न्हाई, ह्यो नेम हाय. वरनं मोकळं दिसलं, म्हून मला वाटलं समदंच दिसतंय. चार पावलं बाजूला सरलो असतो तर कळलं असतं." मग म्हणाले, "सगळी न्हवं, पर निम्मी चूक माझीच."

टाचण्यांनी जेवढं निघतं तेवढं निघालं होतं.

"मग जायचं ना?"

"जायचं की. तिकिटं काढल्यात."

कोरेगावला चांदसाहेबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, मागे घर. दारात मांडव होता. चांदसाहेब खुर्चीवर बसले होते, नवा पांढरा सदरा, काठी मांडीवर आडवी. आबा मांडवाच्या कडेला थांबले. आईने त्यांना मागून जरा ढकललं, ते मी पाहिलं.

"कोन? आक्या?"

"व्हय."

चांदसाहेबांनी त्यांना डोक्यापासून खालपर्यंत पाहिलं. "केस गेलं रं समदं."

"चांदसाहेब, त्या दिवशी," आबांनी सुरुवात केली.

"पैलं पानी पी."

आबांनी पाणी हातात घेतलं, प्यायले नाहीत. तसाच तांब्या धरून त्यांनी सगळं सांगितलं: थप्पी, जबाब, वरची बाजू, फळी, टाचण्या, निम्मी चूक. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वाक्यं त्यांनी गाडीत जुळवली असणार.

चांदसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काड्यापेटीच्या काड्यांचं केलंस?"

"हो चाचा."

"आनि मी टाचनी?"

"हो. लाल दोरा बांधलेली."

ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. "अख्तर, ऐकलंस का गं? सतरा वर्सांनी मला टाचनी केली ह्यांनी." त्यांच्या पत्नी अख्तरबी आतून आल्या, आईचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या. चांदसाहेबांनी डोळे पुसले.

"थप्पी कुटं हुती मला न्हाई ठावं, आक्या. मी वाकल्यालो. मला फकस्त हूक दिसत हुता. आनि खरं सांगू? पायाचा राग मला तुझ्यावर कवाच न्हवता. शंटिंगमधी हुतंय आसं. पर मिरजंला दवाखान्यात दीड म्हैना पडून हुतो. रोज दाराकडं बघायचो. तू एकदा आला न्हाईस."

आबांनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

"तवा तर मधी थप्पी न्हवती की रं."

"न्हाई," आबा म्हणाले. "न्हवती."

माफी मागायची म्हणून जुळवून आणलेली वाक्यं दुसऱ्याच गोष्टीची होती. ते खाली, चांदसाहेबांच्या खुर्चीशेजारी, सतरंजीवर बसले आणि तांब्यातलं पाणी प्यायले, सगळं. चांदसाहेबांनी त्यांच्या टकलावर हात ठेवला आणि काढला नाही. दोघं तसेच लोकांच्या येण्याजाण्याकडे बघत राहिले. कुणीतरी शेजाऱ्याने चांदसाहेबांना विचारलं, हे कोण. "माझा सांधेवाला," ते म्हणाले.

रस्त्याच्या टोकाला बँड वाजला. वऱ्हाड आलं होतं. चांदसाहेब उठायला लागले, काठी शोधली, मग ती परत खुर्चीवर टाकली.

"ह्या गर्दीत काठी घिऊन जमत न्हाई. खांदा दे."

आबा उठले. चांदसाहेबांनी त्यांच्या उजव्या खांद्यावर हात टाकला, सगळं वजन टाकलं. आबा गडबडीने पुढे निघाले. चौथ्या पावलाला चांदसाहेबांनी त्यांची मान मागे ओढली.

"हळू रं गड्या. मेल न्हाई ही, शंटिंग हाय."

आबांनी पाऊल आखूड केलं. मग दोघं एका चालीत मांडवाच्या दाराकडे गेले.